एरिजेरॉन व तत्सदृश रानफुले : नाम, रचना आणि प्रसार

पावसाळा संपून माळावरचे गवत पिवळे पडू लागले, की पांढऱ्या रेशमी तंतूंचे लहान लहान झुबके वाऱ्यावर तरंगताना दिसतात. मराठी मुले त्यांना ‘म्हातारी’ म्हणतात आणि त्यांच्यामागे धावतात. पिकलेल्या केसांवरून सुचलेली ही कल्पना केवळ महाराष्ट्राची नव्हे. ‘एरिजेरॉन’ या ग्रीक शब्दाचा अर्थ ‘लवकर म्हातारा झालेला’ असा आहे, आणि ‘सेनेसिओ’ हे लॅटिन नाव ‘म्हातारा’ या अर्थाच्या ‘सेनेक्स’ या शब्दापासून आलेले आहे. ग्रीकांच्या एरिजेरॉनला रोमन लोक सेनेसिओ म्हणतात, असे प्लिनीने आपल्या ग्रंथात नोंदविले आहे. पुढे १७५३ साली लिनीअसने ‘स्पीशीज प्लँटॅरम’मध्ये ही दोन्ही नावे दोन वेगळ्या प्रजातींना दिली. अशा रीतीने एकाच वनस्पतीची दोन भाषांतील नावे शास्त्रात दोन भिन्न वनस्पतिसमूहांची नावे होऊन बसली.

मधोमध पिवळे बिंब आणि भोवती किरणांसारख्या पाकळ्या, अशी फुले येणाऱ्या रानवनस्पती सामान्य दृष्टीला एकसारख्याच भासतात. त्यांच्यापैकी बहुतेकींचा प्रसार ‘म्हातारी’च्या द्वारे होतो, असेही स्थूलमानाने मानले जाते. तथापि त्यांच्यापैकी काही जाती तीन-चार शतकांत जगभर पसरून शेतीला उपद्रवकारक ठरल्या, तर काही एखाद्या पर्वतरांगेपुरत्याच मर्यादित राहिल्या. हा भेद ‘म्हातारी’मुळे पडतो, की त्याची कारणे अन्यत्र शोधली पाहिजेत, हा या विषयातील खरा प्रश्न होय. त्याच्या उत्तरासाठी प्रथम नावांचा गोंधळ दूर करणे आणि नंतर रचनेकडे वळणे इष्ट ठरेल.

१. लोकनामे आणि नाते

एरिजेरॉन प्रजातीच्या वनस्पतींना इंग्रजीत ‘फ्लीबेन’, म्हणजे पिसवांचा नाश करणारी, असे नाव आहे. या वनस्पती वाळवून घरात ठेवल्या अथवा जाळून त्यांचा धूर केला असता पिसवा पळून जातात, असा युरोपात पूर्वी समज होता. ‘पुलिकॅरिया’ हे प्रजातिनामही पिसू या अर्थाच्या ‘पुलेक्स’ या लॅटिन शब्दावरूनच आलेले आहे आणि त्या प्रजातीलाही इंग्रजीत फ्लीबेनच म्हणतात. हा शब्द येथेच थांबला नाही. महाराष्ट्रात जिला सहदेवी म्हणतात ती ‘राखी फ्लीबेन’ झाली आणि औषधी कडू जिऱ्याची वनस्पती ‘जांभळी फ्लीबेन’ झाली.

या सर्व वनस्पती एकाच कुलातील आहेत हे खरे. परंतु त्या कुलातील ‘ट्राइब’ या संज्ञेने ओळखल्या जाणाऱ्या गटांकडे पाहिले म्हणजे त्यांच्यातील अंतर लक्षात येते. एरिजेरॉनचा समावेश शोभेच्या ॲस्टरच्या गटात होतो, पुलिकॅरियाचा इन्युलाच्या गटात, तर सहदेवी व कडू जिरे यांचा व्हर्नोनियाच्या गटात. सहदेवीच्या फुलाला तर किरणेही नसतात. यावरून लोकनाम हे गुणाच्या समजुतीवर आधारलेले असते, नात्यावर नव्हे, हे स्पष्ट होते. ती समजूतही नेहमी खरी असतेच असे नाही. या कुलात कीटकनाशक म्हणून खरोखर प्रसिद्धी पावलेली वनस्पती म्हणजे पांढऱ्या किरणांचे पायरेथ्रम. तिच्यातील पायरेथ्रिन या द्रव्यांच्या रचनेविषयीचे संशोधन स्टाउडिंगर व रुझिच्का यांनी १९२४ साली प्रसिद्ध केले. परंतु पिसूनाशक हे नाव मात्र तिच्या वाट्याला आले नाही, ते तिच्या दूरच्या नातलगांकडे गेले.

२. एक फूल नव्हे, फुलांचा समाज

या वनस्पतींचे कुल पूर्वी ‘कॉंपॉझिटी’ या नावाने ओळखले जाई. आज ‘ॲस्टरेसी’ हे नाव अधिक रूढ आहे. सपुष्प वनस्पतींच्या सर्वांत मोठ्या कुलांत त्याची गणना होते आणि त्यात २५,००० हून अधिक जाती समाविष्ट आहेत. शेवंती, झेंडू, सूर्यफूल, करडई, कारळा आणि माका हे त्यांतील महाराष्ट्राला परिचित असलेले प्रतिनिधी होत.

कुलाची रचना समजून घेण्यास रस्त्याच्या कडेला उगवणारी एकदांडी पुरेशी आहे. लांब, उघड्या दांड्याच्या टोकाशी जे एक फूल दिसते, ते वस्तुतः फूल नसून अनेक लहान फुलांचा समूह असतो. या समूहास स्तबक आणि त्यातील प्रत्येक लहान फुलास पुष्पक म्हणतात. स्तबकाच्या बाहेरील हिरव्या आवरणाला छदमंडल असे नाव आहे. मध्यभागीची पिवळी पुष्पके नळीसारखी असतात. ती बिंबपुष्पके होत. कडेच्या पुष्पकांचा मुकुट एका बाजूस जिभेसारखा वाढलेला असतो. ती किरणपुष्पके होत. ज्याला ‘पाकळी’ म्हटले जाते ते या दृष्टीने एक संपूर्ण पुष्पक असते. एकदांडीच्या किरणाच्या टोकाशी दिसणारे तीन दाते हे त्या मुकुटातील तीन प्रदले जुळल्याचे चिन्ह होय.

किंजपुट अधःस्थ असल्यामुळे पुष्पकाचे उरलेले सर्व भाग त्याच्या माथ्यावर येतात. अन्य फुलांत जेथे हिरवा संवर्त असतो, त्या जागी येथे तंतू, खवले किंवा काटे आढळतात. यांस पिच्छ म्हणतात. फलधारणेनंतर किंजपुटाचे एकबीजी शुष्क फळ बनते आणि पिच्छ त्याच्या डोक्यावर तसेच राहते. ‘म्हातारी’ म्हणून जे उडते ते हे पिच्छधारी फळ होय. रुईची म्हातारी दिसण्यात अशीच असली, तरी ती फळ नसून बी असते आणि तिचे केस बीजावरणातून उगवलेले असतात. सावरीच्या कापसाचे तंतू तर फळाच्या भिंतीपासून निर्माण होतात. कार्य एकच, परंतु अवयव तीन प्रकारचे. भाषेने ज्यांना एका नावाने संबोधिले, त्यांची उत्पत्ती शारीराने अशी वेगळी करून दाखविली आहे.

कुलांतर्गत वर्गीकरणास स्तबकाचे बाह्य रूप पुरत नाही. एकोणिसाव्या शतकाच्या पहिल्या तीन दशकांत आंरी कासिनी या फ्रेंच वनस्पतिशास्त्रज्ञाने किंजलाच्या शाखा व परागकोश यांच्या सूक्ष्म लक्षणांवरून या कुलाचे गट पाडले. १८७३ मध्ये जॉर्ज बेंथॅम यांनी कुलाचा विस्तृत आढावा प्रसिद्ध केला. त्यांतील अनेक गट आधुनिक अभ्यासातही बऱ्याच अंशी टिकून राहिले आहेत. विद्यार्थ्याने भिंग घेऊन एकदांडी व एरिजेरॉन यांची तुलना केल्यास या पद्धतीचे महत्त्व त्याच्या सहज लक्षात येईल. एकदांडीच्या पुष्पासनावर प्रत्येक बिंबपुष्पकाशेजारी एक पातळ छद असते, एरिजेरॉनमध्ये ते नसते. एकदांडीचे पिच्छ पिसासारखे शाखायुक्त असते, एरिजेरॉनचे साध्या, बारीक तंतूंचे असते. युरोपातील खऱ्या डेझीच्या फळावर तर पिच्छच नसते.

३. एरिजेरॉनच्या सीमा

एरिजेरॉनची ओळख साधारणपणे अशी करून दिली जाते : छदे अरुंद, जवळजवळ सारख्या लांबीची व एक-दोन ओळींत, किरणपुष्पके पुष्कळ, अत्यंत अरुंद आणि केवळ स्त्रीलिंगी, बिंबपुष्पके पिवळी व द्विलिंगी. परंतु काही जातींत किरणे इतकी आखूड झाली आहेत, की ती छदमंडलाबाहेर क्वचितच डोकावतात. अशा जातींसाठी ‘कोनायझा’ ही स्वतंत्र प्रजाती मानली जात असे. १९४३ साली आर्थर क्रॉनक्विस्ट यांनी या दोन प्रजातींतील सीमारेषा नव्याने आखली आणि लिनीअसच्या एरिजेरॉन कॅनाडेन्सिसला कोनायझामध्ये हलविले. २००० साली रिचर्ड नॉइस यांनी डीएनए-क्रमांवर आधारलेला अभ्यास प्रसिद्ध केला, तेव्हा कोनायझाच्या या जाती एरिजेरॉनच्या वंशवृक्षाच्या आतच उगम पावलेल्या आहेत, असे दिसून आले. किरणांचा ऱ्हास हे नव्या प्रजातीचे लक्षण नसून जुन्या प्रजातीत झालेले रूपांतर ठरले. त्यामुळे आज अनेक ग्रंथांत या जातींची नावे पुन्हा एरिजेरॉनखाली दिली जातात. तर तणविज्ञानाच्या साहित्यात कोनायझा हे नावही आढळते. दोन्ही नावे ध्यानी न घेता केलेला साहित्यशोध त्यामुळे अपुरा राहतो.

या समूहातील तीन जाती जगभर तण म्हणून पसरल्या आहेत आणि भारतातही त्यांची नोंद झालेली आहे. एरिजेरॉन कॅनाडेन्सिस ही मूळची उत्तर अमेरिकेची. तिचे खोड उंच, स्तबक लहान, छदे जवळजवळ केशहीन आणि बिंबपुष्पकांचा मुकुट बहुधा चार खंडांचा असतो. एरिजेरॉन बोनॅरिएन्सिस ही दक्षिण अमेरिकेची असून तिचे नाव ब्यूनस आयर्स या शहरावरून आलेले आहे. ती तुलनेने बुटकी, राखट व केसाळ असते; तिच्या बाजूच्या फांद्या मुख्य अक्षाच्या वर वाढतात आणि मुकुटाचे खंड पाच असतात. तिसरी एरिजेरॉन सुमात्रेन्सिस. तिचे खोड उंच, अंग केसाळ व पुष्पबंध त्रिकोणी घेराचा असून मुकुट पाच खंडांचा असतो. रेट्झियसने तिचे वर्णन केले. नाव सुमात्रा बेटाचे असले, तरी तिचे मूलस्थान दक्षिण अमेरिका हेच आहे. ज्या ठिकाणी वनस्पती प्रथम दृष्टीस पडली ते ठिकाण नावात राहिले, इतकेच. पहिल्या जातीत रंगसूत्रांची संख्या १८, तर इतर दोहोंत ५४ आहे. म्हणजे मूळ संख्या ९ धरल्यास पहिली द्विगुणित आणि इतर दोन्ही षड्गुणित ठरतात. फुलावर न येता नुसत्या पानांच्या गुच्छाच्या स्वरूपात असलेल्या या तीन जाती ओळखणे अनुभवी निरीक्षकालाही कठीण जाते, आणि त्यांचा नाश करण्याची योग्य वेळ नेमकी तीच असते.

४. पिच्छाचे कार्य

कॅनाडेन्सिसच्या एका मोठ्या झाडापासून सुमारे २,००,००० पर्यंत फळे निर्माण होऊ शकतात. स्थिर हवेत असे फळ सेकंदाला सुमारे ०.३ मीटर वेगाने खाली येते. दीड मीटर उंचीवरून सुटलेल्या फळाला जमिनीवर पोहोचण्यास त्यामुळे पाच सेकंद लागतील, आणि वारा सेकंदाला ४ मीटर वेगाने वाहत असल्यास ते सुमारे २० मीटर अंतरावर पडेल. या हिशोबाने प्रसार शेजारच्या शेतापलीकडे जाऊ नये. परंतु उन्हाने तापलेल्या जमिनीवरून वर चढणाऱ्या हवेचा वेग सेकंदाला ०.३ मीटरहून सहज अधिक असू शकतो. अशा प्रवाहात सापडलेले फळ खाली न येता वरच जाते. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकी संशोधनात दूरनियंत्रित विमानांच्या साहाय्याने जमिनीपासून १४० मीटरपर्यंतच्या उंचीवर या जातीची फळे पकडण्यात आली; एकाच उड्डाणात ती ५०० किलोमीटरहून दूर जाऊ शकतील, असा त्या संशोधकांचा अंदाज आहे. बहुसंख्य फळे झाडाजवळच पडतात. परंतु नवा प्रदेश मिळतो तो दूर जाणाऱ्या थोड्या फळांमुळे.

तंतूंचा विरळ झुबका इतका प्रभावी का ठरतो, याचाही उलगडा अलीकडे झाला आहे. एडिंबरा विद्यापीठातील संशोधकांनी २०१८ साली दाखविले, की डँडेलिऑनच्या पिच्छातील सुमारे शंभर तंतूंमधून हवा झिरपत असताना पिच्छाच्या वर, त्यापासून अलग असे एक स्थिर वलयाकार आवर्त तयार होते आणि त्यामुळे फळाचे पतन मंदावते. डँडेलिऑनचे पिच्छ छत्रीसारखे व लांब देठावर असते, एरिजेरॉनचे तसे नसते. म्हणून हा निष्कर्ष जसाच्या तसा एरिजेरॉनला लावता येणार नाही. मात्र भरीव पडद्यापेक्षा सच्छिद्र पिच्छ कमी द्रव्यात अधिक काम करू शकते, हे तत्त्व त्यावरून ध्यानी येते.

५. रुजवण, प्रजनन आणि शेती

उडणे म्हणजे स्थिरावणे नव्हे. एकच फळ दूरच्या प्रदेशात पडले आणि त्यापासून झाड वाढले, तरी परपरागण आवश्यक असल्यास ते झाड निष्फळ ठरते. दीर्घ प्रवासानंतर वसाहत करणाऱ्या वनस्पतींत स्वतःच्या परागाने बीजधारणा करू शकणाऱ्या जातींचे प्रमाण अधिक असावे, हा विचार हर्बर्ट बेकर यांनी १९५५ मध्ये मांडला. तो पुढे ‘बेकरचा नियम’ म्हणून ओळखला जाऊ लागला. कॅनाडेन्सिसमध्ये मुख्यतः स्वपरागणच होते. तिची किरणे आखूड का, या प्रश्नावरही यामुळे काही प्रकाश पडतो, कारण ज्याला कीटकांची गरज अल्प, त्याला त्यांना बोलावणाऱ्या पताकेचीही गरज अल्प. किरणांचा व परपरागणाचा हा संबंध सेनेसिओ व्हल्गॅरिस या जातीत प्रत्यक्ष दिसतो. तिचा नेहमीचा प्रकार किरणरहित असतो. ब्रिटनमध्ये सेनेसिओ स्क्वालिडस या जातीशी संकर होऊन किरणे निर्माण करणारी नियामक जनुके तिच्यात आली, असे २००८ साली दाखविण्यात आले. आणि किरणयुक्त प्रकारात परपरागणाचे प्रमाण अधिक आढळते.

एरिजेरॉन ॲन्युअस ही उत्तर अमेरिकेची जाती याच अडचणीतून वेगळ्या मार्गाने सुटली आहे. तिची पांढरी, अरुंद किरणे ठळक असतात. परंतु ती प्रायः त्रिगुणित असून तिच्यात २७ रंगसूत्रे असतात आणि तिचे बीज निषेचनाशिवाय, म्हणजे असंगजननाने, तयार होते. न्यूनीकरणाशिवाय अंडकोशिका बनणे आणि तिच्यापासून अनिषेकजननाने गर्भ वाढणे, या दोन पायऱ्यांचे नियंत्रण परस्परांशी संलग्न नसलेल्या दोन जनुकस्थानांकडून होते, असे २००० साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात आढळले. किरणे आहेत, परंतु बीजधारणेला त्यांची आवश्यकता नाही. ही जाती सतराव्या शतकात शोभेची वनस्पती म्हणून युरोपात नेली गेली. आज ती तेथे व पूर्व आशियात सर्वत्र आणि हिमालयाच्या काही भागांतही आढळते.

प्रजननानंतर रुजवणीचा विचार केला पाहिजे. कॅनाडेन्सिसच्या बीजाला पिकल्यावर सुप्तावस्था जवळजवळ नसते आणि ते मातीच्या पृष्ठभागावरच रुजते. अर्धा सेंटीमीटर खोल गाडले गेले तरी रोप वर येत नाही. म्हणून नांगरट हीच तिची प्रमुख शत्रू होती. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अमेरिकेत मातीची धूप रोखण्याच्या स्तुत्य हेतूने विनानांगरट शेती वाढली आणि नांगराचे काम तणनाशकाकडे आले. ग्लायफोसेटला दाद न देणाऱ्या सोयाबीनच्या लागवडीनंतर हे एकच द्रव्य त्याच शेतांत वारंवार फवारले जाऊ लागले. परिणामी २००० साली डेलावेअर राज्यात कॅनाडेन्सिसची ग्लायफोसेटला न जुमानणारी झाडे आढळली आणि पुढील वर्षी तो वृत्तांत प्रसिद्ध झाला. हे द्रव्य पेशीत शिरताच रिक्तिकेत कोंडून ठेवले जाते व त्यामुळे त्याचा परिणाम टळतो, असे २०१० साली दाखविण्यात आले. बोनॅरिएन्सिस व सुमात्रेन्सिस यांतही असा प्रतिकार पुढे अनेक देशांत आढळला. या घटनेत पिच्छाने प्रतिकारक बीज दूरवर नेले आणि स्वपरागणाने ते लक्षण टिकविले, हे खरे. परंतु रुजण्यास न ढवळलेली जमीन आणि निवडीचा एकसुरी दाब या दोन्ही गोष्टी मनुष्याने पुरविल्या.

६. पिच्छाशिवाय प्रसार, पिच्छ असून मर्यादा

पिच्छ हेच प्रसाराचे एकमेव कारण मानणाऱ्यास महाराष्ट्रातील दोन वनस्पती विचार करावयास लावतील. पहिली गाजरगवत. हिची पुण्याहून केलेली नोंद १९५६ साली प्रसिद्ध झाली आणि त्यानंतर काही दशकांत ती भारतभर पसरली. हिच्या लहान, पांढऱ्या स्तबकाला बहुधा पाचच आखूड किरणे असतात आणि फळावर उडण्याजोगे तंतू नसतात. पाणी, चिखल, वाहने, धान्य आणि मातीची ने-आण यांनीच तिचा मुख्यतः प्रसार केला. तिच्या नियंत्रणासाठी मेक्सिकोतून आणलेला झायगोग्रामा बायकलरेटा हा भुंगेरा १९८४ साली बंगलोर येथे सोडण्यात आला. तो पाने खाऊन झाडे निष्पर्ण करतो, परंतु गाजरगवताचे उच्चाटन त्याने झालेले नाही.

दुसरी वनस्पती सोनकी. भाद्रपदाच्या सुमारास सह्याद्रीचे उतार व सडे पिवळे करून टाकणारी ही वनस्पती सेनेसिओ बॉंबेएन्सिस या नावाने ओळखली जाते. तिच्या फळावर मऊ, पांढरे तंतुमय पिच्छ असते, म्हणजे उडण्याचे साधन तिच्याजवळ आहे. तरीही ती पश्चिम घाट व त्याला लगतचा द्वीपकल्पीय भाग यांपलीकडे गेलेली नाही. उलट तिच्याच प्रजातीतील सेनेसिओ स्क्वालिडस ही सिसिलीतून ऑक्सफर्डच्या वनस्पतिउद्यानात आणलेली जाती. तेथून अठराव्या शतकाच्या अखेरीस ती बाहेर पडली आणि एकोणिसाव्या शतकात लोहमार्गांच्या कडेने ब्रिटनभर पसरली. रुळांखालील खडी तिला ज्वालामुखीच्या राखाड जमिनीसारखी मानवली. वारा दोघींनाही सारखाच उपलब्ध होता; तयार भूमी मात्र एकीलाच मिळाली.

यावरून असे म्हणता येईल, की पिच्छ केवळ संधी देते. त्या संधीचे वसाहतीत रूपांतर होणे हे रुजवणीच्या अटी, प्रजननाची पद्धती आणि मनुष्याने विस्कटलेली जमीन या तीन गोष्टींवर अवलंबून असते. महाराष्ट्राच्या दृष्टीने या निष्कर्षाला व्यावहारिक महत्त्व आहे. कास पठारासह पश्चिम घाटातील निवडक स्थळे २०१२ साली जागतिक वारसास्थळांच्या यादीत समाविष्ट झाली. अशा सड्यांवरील मातीचा थर अत्यंत पातळ असतो. रस्त्यासाठी टाकलेला भराव, वाहनतळ किंवा बाहेरून आणलेली माती यांमुळे आगंतुक जातींना हवी तशी भूमी तेथेच तयार होते. सोनकी व तिच्यासारख्या मर्यादित क्षेत्रातील जातींना मात्र अशी भूमी अन्यत्र उपलब्ध नसते.

या कामी विद्यापीठीय विभागांचा वाटा मोठा असू शकतो. डाल्झेल व गिब्सन यांचा १८६१ चा ‘द बॉम्बे फ्लोरा’ आणि थिओडोर कुक यांची १९०१ ते १९०८ या काळात प्रसिद्ध झालेली मुंबई इलाख्याची वनश्री यांमुळे या प्रदेशातील पूर्वस्थिती तपासण्यास भक्कम आधार मिळतो. त्यांच्याशी ताडून पाहता येतील अशी आजची नमुनापत्रे प्रत्येक तालुक्यातून जमली पाहिजेत. त्यांवर स्थळ व दिनांक यांच्याबरोबरच जमिनीची स्थिती, छदांवरील केस, बिंबपुष्पकाच्या मुकुटाचे खंड आणि पिच्छाचा रंग यांची नोंद असावी. कारण वाळलेल्या नमुन्यात किरणांचा रंग पुष्कळदा उडून जातो, आणि एरिजेरॉनच्या जातींचा निर्णय बहुधा याच लहान लक्षणांवर करावा लागतो. गाजरगवताची पहिली नोंद प्रसिद्ध झाली तेव्हा ते थोड्या जागेत होते. पुढील आगंतुक जातीचे पहिले रोपही असेच एखाद्या रस्त्याच्या कडेला उगवेल, आणि ते वेळीच ओळखले जाईल की नाही, हे भिंग घेऊन खाली वाकणाऱ्या निरीक्षकावर अवलंबून राहील.